हळदीकुंकू

शटर अर्धं ओढलं की स्टुडिओ माझा होतो.
दिवसभर लग्नांचे अल्बम,
सावळ्या नवऱ्यामुली गव्हाळ करून देतो,
घरचे सांगतील तेवढ्या.
रात्री बदक.

नावच त्याचं हळदीकुंकू.
काळी चोच, टोकाला हळद,
मुळाशी दोन्हीकडून कुंकवाचा एकेक ठिपका.
चिचटोल्याच्या बोडीवर, पौषात, सकाळी सहा चाळीसला
शिंगाड्याच्या वेलातून ते उठलं
आणि मी बटण दाबत राहिलो.
सतरा फोटो. सोळांत नुसतं पाणी.

तो सतरावा आता तीन खिडक्यांत उघडा आहे.
एक सॉफ्टवेअर भाड्याचं,
महिना चुकला की कुलूप,
आपलंच बदक आणि आपणच बाहेर उभे.
दुसरं फुकट, कुणाकुणा भल्या माणसांनी मिळून केलेलं,
पण आत शिरावं तर तहसील कचेरी,
कुठला अर्ज कुठल्या टेबलावर, सांगायला कुणी नाही.
(भाच्यानं नागपूरहून पेन ड्राइव्हवर आणलेलं एक होतं.
“चोरीचं आहे मामा, पण चालते.”
चाललं. बोपचेंच्या पोरीची अख्खी वरात गिळून चाललं.)
तिसरं शहाणं आहे. तीस दिवस ट्रायल.
त्याला म्हणालो, दाणे काढ.
त्यानं दाणे काढले, धुकं काढलं,
पंखाखालच्या काळोखात हात घालून
एकेक पीस विंचरून बाहेर आणलं.
हळद हळदीसारखी. कुंकू ओलं.
मी खुर्चीतून उठून उभा राहिलो.

आठ बाय बाराची प्रिंट घेऊन गेलो दसाराम मारबतेंकडे.
बोडी त्यांच्या सोसायटीची, डोंगाही त्यांचाच,
त्यात बसूनच तर काढला होता.
शिंगाडे उकडत होते. हात पुसून घेतले धोतराला,
प्रिंट लांब धरली, जवळ धरली.
“बदक बेस हाये,” म्हणाले,
“पन हे आपल्या बोडीतलं नोहोय.”
मी हसलो. ते नाही हसले.
“दिवारीले जाळ्यात गुतलं होतं ते. मीच त सोडवलं.
उजव्या पखातले तीन पिसं गेले तवा.
हे पुरं हाये. पुरं कसं?”

रात्री मूळ फाइल उघडली, वाढवली, आणखी वाढवली.
दाण्यांच्या त्या राळ्यात
उजव्या पंखाच्या कडेला एक खाच,
दात पडल्यासारखी.
मी तिला सावली समजलो होतो.
शहाण्या सॉफ्टवेअरची पट्टी शून्यावर नेली
आणि एकेक घर पुढे सरकवत गेलो.
अठरापर्यंत खाच खाच राहिली.
एकोणिसाव्या घराला तिथं कोवळं काहीतरी उगवलं.

लाइट गेली. लॅपटॉप बॅटरीवर जगला.
अंधारात उगाच आठवलं, गेल्या वैशाखात
एका नवरीच्या हनुवटीवरचा टाक्यांचा वण
मी न विचारता पुसला होता.
तिची आई अल्बम चाळताना त्या पानावर थांबली,
हनुवटीवरून बोट फिरवलं,
आणि पैसे मोजून देऊन गेली.

दुसरी प्रिंट फुकटवाल्यातून काढली.
चार रात्री गेल्या, टेबलं सापडायला.
हळद जरा फिकी आली आहे, कबूल.
दसाराममामांनी आधी पंख पाहिला, मग चोच,
मग मागच्या करड्या भुरभुरीवर अंगठा घासला,
निघते का बघायला.
“हे काय आहे?”
नॉईज, म्हणणार होतो.
“धुई हाये,” त्यांनीच सांगितलं, “राहू दे.”

ट्रायलचे अकरा दिवस अजून उरलेत.
उद्या राऊतांकडची हळद आहे,
आणि नवरीच्या मामाचा दोनदा फोन येऊन गेला,
पोरगी जरा उजळ दिसली पाहिजे.